शिवकन्या आणि उगंच निघालेली बाई

आमच्याकडे खोली बघायला येणाऱ्या मुलींचे प्रश्न ठरलेले असतात. नळाला पाणी कधी येतं, वायफाय आहे का, आणि गेट किती वाजता बंद होतं. शिवकन्येने यातलं एकही विचारलं नाही. तिने पत्र्याची पेटी ओट्यावर ठेवली, माठातलं तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायलं, ओढणीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "काकू, तुम्ही कवा उगंच कुठं गेलाव का?"

"उगंच म्हणजे?"

"म्हंजे काम नसताना. लग्न न्हाई, मयत न्हाई, दवाखाना न्हाई, माहेर बी न्हाई. मनात आलं अन् गेलाव, असं."

मी आठवायला लागले. आठवता आठवता कुकरची शिट्टी झाली आणि तरी मला काही सापडेना. तिने पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं. पोरगी अजून उंबऱ्याच्या आत आलेली नाही आणि आपण आपल्याच दारात नापास झालो, असं मला झालं.

लातुरात स्वतःचं घर असलं की वर चार खोल्या काढायच्या आणि शिकायला आलेल्या मुली ठेवायच्या, हा आमच्या गल्लीचा कुळाचार आहे. मुली सगळ्या डॉक्टरकीच्या परीक्षेच्या. पहाटे चारला दिवे लागतात. आरशाच्या बाजूला हृदयाची आकृती चिकटवलेली असते आणि वेणी घालताना त्या झडपा पाठ करतात. अशा घरात ही शिवकन्या, लोह्याकडच्या एका खेड्यातून, बी.ए. करायला आली. लातुरात येऊन बी.ए. करणं म्हणजे तुळजापूरला जाऊन फक्त भेळ खाऊन परत येण्यासारखं आहे. पहिल्याच आठवड्यात रिक्षावाल्याने तिला विचारलं, "ताई, नीट का जेईई?" ही ताठ मानेने म्हणाली, "बी.ए. समाजशास्त्र." तो बिचारा आरशातून बघत म्हणाला, "असू द्या ताई, पुढल्या वर्षी परत द्या."

हे तिने मला हसत हसत सांगितलं आणि वर म्हणाली, "अभ्यासाचा विषय हाय हा, काकू."

हे तिचं पालुपद. नळाला तीन दिवस पाणी आलं नाही, अभ्यासाचा विषय. शेजारच्या बाईंनी सुनेला बघून पंखा बंद केला, अभ्यासाचा विषय. माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं आणि आमचे हे मुकाट्याने जेवले, तेव्हा सगळ्या मुली खाली मान घालून हसत होत्या आणि ही मात्र गंभीरपणे ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मला तिचा राग यायचा. आपण वरण ढवळत असावं आणि कोणीतरी आपल्याला शास्त्र म्हणून बघत असावं, हे काही बरं नाही.

रविवारी मात्र ती घरात सापडायची नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा अर्थ सगळ्या महाराष्ट्राला पैसे वाचले असा लागला. शिवकन्येला वेगळाच लागला. "सरकारनं अर्धं तिकीट दिलंय काकू, म्हंजे दुप्पट हिंडायला दिलंय," ती म्हणायची. दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून ती स्टँडवर जायची आणि ज्या गाडीत खिडकी मोकळी दिसेल तिच्यात बसायची. निलंगा, उदगीर, देगलूर, कुठंही. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. तिच्या खोलीत हृदयाच्या आकृतीऐवजी महाराष्ट्राचा नकाशा होता आणि जिथपर्यंत गाडीने गेली तिथपर्यंत ती लाल पेनाने रेघ ओढायची. एक दिवस एसटी बदलत बदलत समुद्रापर्यंत जायचं, हा तिचा बेत. मी एकदा म्हटलं, "समुद्रावर जाऊन करणार काय?" तर म्हणाली, "काय न्हाई. बघणार अन् येणार." मग मलाच विचारलं, "समुद्र काय करतो, काकू?"

पण गाडीत ती नुसती बसायची नाही. शेजारच्या बाईला विचारायची, "मावशी, कुठं चाललाव? काय काम काढलाव?" आणि उत्तर वहीत लिहायची. वहीत रकाने होते. माहेर, दवाखाना, लग्न, मयत, बाजार, देव, कोर्ट. शेवटचा रकाना उगंच. तो कोरा.

यावरून आमची वादावादी व्हायची. मी म्हणायचे, देवाला जाणं हे उगंचमध्ये घाल, त्यात कसलं आलंय काम. ती ऐकायची नाही. "नवस फेडायला चाललेली बाई उगंच कशी होईल? ते देवाकडचं काम झालं." उदगीरच्या गाडीत एक म्हातारी नुसतं कानडीत बोलली. शिवकन्येने ते जसंच्या तसं देवनागरीत उतरवून आणलं आणि मोठ्या आशेने मला वाचून दाखवलं, कारण माझं माहेर उदगीरचं. ती म्हातारी म्हणाली होती, तुला गं काय करायच्यात नसत्या चौकशा. एकदा मात्र ही उड्या मारतच घरात शिरली. औशाच्या पुढे जाणाऱ्या गाडीत एक बाई सापडली होती, जिला काहीही काम नव्हतं. रकाना भरणार, तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "अवो बाई, औसा मागं गेलं की!" तिला झोप लागली होती, उतरायचं औशालाच होतं.

आमचे हे डाळ मिलमधून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी कपाळाला विभूती लावून चौकातल्या हॉटेलात जाऊन बसतात. एक दिवस शिवकन्येने त्यांना गेटातच गाठलं. "काका, रोज कशाला जाताव?"

"चहाला."

"चहा तर काकू करतात की घरी."

ह्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "असंच."

"बगा काकू!" ती माझ्याकडे वळून ओरडली. "बाप्यांचं सगळं असंच असतं, अन् पुऱ्या एष्टीत एक बाई मिळंना!" ह्यांनी चार दिवस चौकात जाणं बंद केलं. पाचव्या दिवसापासून हातात पिशवी घेऊन जायला लागले. कोणी विचारलं तर कोथिंबीर आणायला चाललो म्हणतात. कोथिंबीर अजून आलेली नाही.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मात्र ती एका संध्याकाळी माझ्याजवळ तूर निवडायला येऊन बसली आणि बराच वेळ एकही प्रश्न विचारला नाही. हे नवीन होतं. मग खाली बघत म्हणाली, "काकू, परीक्षा झाली की माझी खोली सुटणार. त्याच्या आत मायला एकदा हितं आणायचं हाय. काम नसताना. एष्टीनं, एकटीला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची आई कधी आलीच नव्हती. प्रवेशाला वडील आले होते, दिवाळीला न्यायला मामा. मी विचारलं, तर म्हणाली, "माय गावच्या फाट्याच्या पुढं येत न्हाई." का, म्हटलं तर तुरीतला खडा शोधत राहिली. इतरांना शंभर प्रश्न विचारणारी ही पोरगी, हिला एक प्रश्न विचारला की खडा सापडतो. पण त्या दिवसापासून तिचा एकच ध्यास. रोज फोन, "माय, ये की." आणि पलीकडून रोज तेच, "माझं काय काम हाय तिथं?"

परीक्षेला महिना राहिला तेव्हा तिने निर्वाणीचा फोन लावला. मी समोरच होते. "माय, उद्याच्याला ये. काम काय न्हाई. काय झालेलं न्हाई. उगंच ये, पर नक्की ये." एवढं बोलून तिने फोन माझ्या हातात दिला. "काकू, तुम्ही मोठ्या हाव. तुमचं ऐकंल."

आता आमच्याकडची रीत अशी आहे की वाईट निरोप कधी वाईट म्हणून देत नाहीत. माणूस गेलेलं असलं तरी पाहुण्यांना कळवताना म्हणतात, "काही नाही, जरा येऊन जा." तेही घरचा माणूस न बोलता दुसरा कोणीतरी बोलतो, मऊ आवाजात. हे मला जन्मापासून ठाऊक आहे. तरी मी फोन घेतला आणि माझ्या सगळ्यात मऊ आवाजात म्हणाले, "ताई, मी घरमालकीण बोलते. काळजी करण्यासारखं काही नाही. शिवकन्या अगदी बरी आहे. तुम्ही फक्त या." पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आमच्या दारात क्रूझर येऊन थांबली. आतून वडील उतरले, मामा उतरले, आणि भावकीतले सहा-सात जण टॉवेलची टोकं तोंडाला लावून उतरले. गल्लीतल्या बायका आपोआप दारात आल्या. सगळ्यात शेवटी आई उतरली, काटकुळी, पदर डोक्यावरून घट्ट. तिने गेटाला धरलं आणि असा काही हंबरडा फोडला की वरच्या मुली झडपा विसरून जिन्यात आल्या. त्या मुलींच्या मागून, तोंडात ब्रश आणि हनुवटीवर पेस्ट, शिवकन्या.

पुढची पाच मिनिटं मला सांगता यायची नाहीत. आई तिला कवटाळायची, मग पाठीत धपाटा घालायची, मग परत कवटाळायची. मामा ओट्यावर बसून पाणी मागत होते. वडील मला म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणलाव पोरगी बरी हाय. असं कुणी सांगतंय व्हय?" नांदेडची मावशी निम्म्या वाटेवर होती, तिला माघारी फिरवलं. एका आत्याने तर सुतकाची अंघोळही करून टाकली होती. एवढ्या गोंधळात शिवकन्या तोंड धुऊन आली आणि हळूच मला म्हणाली, "अभ्यासाचा विषय हाय, काकू." मी तिच्याकडे असं बघितलं की ती सरळ वर निघून गेली.

मी बारा माणसांचा उपमा केला. खाऊन झाल्यावर पुरुष मंडळींना आठवलं की आलोच आहोत तर आडतीवर सोयाबीनचा भाव बघावा, आणि सगळे क्रूझरमधून निघून गेले. शिवकन्येला कॉलेजात हॉल तिकिटासाठी जावंच लागणार होतं. घरात मी आणि तिची आई उरलो. मी नको म्हणत असताना त्यांनी माझ्या हातातलं सूप घेतलं आणि पाखडायला बसल्या.

"ताई, पोरगी म्हणं वही घेऊन बायांला इचारत हिंडती," त्या म्हणाल्या. "उगंच कुठं गेलाव का म्हणून."

मी हसून म्हटलं, "मलाही पहिल्याच दिवशी विचारलं."

त्या हसल्या नाहीत. "ते माझ्यापायी हाय. ही पाच वर्साची होती. मी हिला घेऊन फाट्यावर एष्टीत बसले अन् नांदेडला गेले. घरात सांगितलं न्हाई. सांच्याला परत आले. सासूनं इचारलं, कशाला गेलतीस? मी म्हणाले, उगंच. तवापसून गाव म्हणून राहिलं, बाई उगंच जाती व्हय? कुणाला तरी भेटायला गेलती म्हणं. ह्यांनी सा म्हैने बोलणं टाकलं. हिला शाळेत पोरं चिडवायची. ही एकटी सगळ्याला भांडायची. माझी माय उगंच गेलती, म्हणायची."

सूप थांबलं होतं. "मी उगंच न्हवते गेले, ताई. नर्सिंगला नाव घालायला गेलते. दहावी हाय माझी, फस्ट क्लास. परत यायचंच न्हवतं मला."

"मग?"

"हिला ताप चढला. स्टँडवरच. पदर भिजवून कपाळावर ठेवत बसले दुपारभर. पुढं जावं का मागं जावं, कळंना. फाट्याची गाडी लागली, बसले." त्या पुन्हा पाखडायला लागल्या. "पोरीला कवा सांगू नका. तिला वाटंल, माझ्यापायी मायचं राहिलं."

मी शपथ घेतली.

बाराच्या सुमाराला क्रूझर परत आली. शिवकन्याही आली होती. सगळे गाडीत बसले आणि आई गेटातच उभ्या राहिल्या. वडील म्हणाले, "चल की."

"तुम्ही व्हा फुडं. मी एकच्या एष्टीनं पोरीसंगं नांदेडला जाते. सांच्याला येते."

वडिलांनी विचारलं, "काय काम हाय नांदेडात?"

"काम काय न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण भावकीतल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला.

वडिलांनी टॉवेल खांद्यावरून काढला, घडी केला, परत खांद्यावर टाकला. मग ड्रायव्हरकडे बघत म्हणाले, "शेवटची गाडी सातला सुटती तिथून. मी फाट्यावर थांबतो." क्रूझर निघून गेली.

मी दोघींना पोचवायला स्टँडवर गेले. नांदेडची गाडी लागली होती. आई खिडकी धरायला आत चढल्या आणि शिवकन्या माझ्याजवळ मागे राहिली.

"काकू, मायनं तुम्हाला सगळं सांगितलं, न्हाई?"

"काय?" मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही, ते लगेच दिसलं असणार.

"मला ठाऊक हाय. त्या दिशी स्टँडवर मायनं पिशवी माझ्या उशाला दिलती. आत कायतरी कडक लागत होतं. मोठी झाल्यावर पेटीत सापडलं. मायची मार्कलिस्ट अन् शाळेचा दाखला, कडक प्लॅस्टिकात. उगंच न्हवती गेली ती."

"अगं मग ही वही कशाला? तीन वर्षं कोणाला शोधत होतीस?"

"एक बाई घावली असती काकू, तर गावाला दाखवली असती. ही बगा, जातात बाया. मंग मायचं बोलणं खरं ठरलं असतं."

"पण ते खरं नव्हतं ना."

"न्हवतं, म्हणून तर पुरावा पायजे," ती म्हणाली. "खऱ्याला कशाला लागतो?"

मला एकदम ते सगळे रविवार आठवले, ते निलंगा आणि ते देगलूर, आणि आम्ही सगळे तिला हसत होतो ते. माझ्या घरातून डॉक्टर झालेल्या मुली आहेत. त्यांचे पेढे मी गल्लीभर वाटलेत. पण त्या स्टँडवर, डिझेलच्या वासात, या बी.ए.वालीचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कोणाचाच कधी वाटला नव्हता, आणि पेढे वाटायची काही सोय नव्हती.

"आईला सांगून टाक ना, तुला माहीत आहे म्हणून," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "मला वाईट वाटू नये म्हणून पंधरा वर्सं गप हाय ती. मी सांगितलं तर तिची पंधरा वर्सं वाया जातील की." एवढं बोलून ती गाडीत चढली.

कंडक्टर मशीन घेऊन त्यांच्या बाकाशी आला. शिवकन्येने तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "नांदेड, दोन." तिकिटं त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. घंटी झाली. आई खिडकीची काच सरकवायला बघत होत्या आणि ती अडकली होती. शिवकन्या उभी राहिली, आईच्या अंगावरून वाकली आणि दोन्ही हातांनी ओढून तिने ती काच शेवटपर्यंत उघडून दिली.